डब्यातला अंधार

समिती येणार म्हणून संचालकांनी अंधारखोली पांढरीशुभ्र रंगवून घेतली. रंगाआधी खिडकीवरचे काळे पडदे उतरवले, लाकडी दाराच्या जागी काचेचे दार बसवले आणि छताला चार नव्या ट्यूबलाइट लावल्या. त्यांच्या उजेडात माणसाला स्वतःच्या मनातले किंतुसुद्धा दिसले असते. एवढे झाल्यावर त्यांनी संशोधिकेला बोलावून घेतले आणि नवे घर दाखवणाऱ्या यजमानाच्या कौतुकाने दार उघडले.

“कशी वाटते?”

“सर, ही अंधारखोली होती.”

“होतीच की. काय कोंदट होती. समितीला पारदर्शकता आवडते.”

“माझं तेल-पाण्याचं इमल्शन उजेडात फुटतं, सर. तोच तर प्रकल्प आहे.”

“मग कपाटात ठेवा.”

“कपाटं रंगाऱ्यांनी व्हरांड्यात काढलीत. उन्हात.”

संचालकांनी क्षणभर विचार केला. विचार करताना ते नेहमी छताकडे बघत आणि आज छत फार प्रेक्षणीय झाले होते. “उद्या दुपारपर्यंतचाच प्रश्न आहे,” ते म्हणाले. “घरी न्या ना. घरी थोडाफार अंधार असेलच की.”

ग्रंथालये जाळणाऱ्यांची नावे इतिहास घृणेने का होईना, लिहून ठेवतो. विद्येची जागा झाडूनपुसून, रंग देऊन नष्ट करणाऱ्यांचा मात्र यथासांग सत्कार होतो. संशोधिकेने हे मनात म्हटले, तोंडाने “बरं सर” म्हटले आणि ती आपली बाटली आणायला गेली.

त्या बाटलीत जे होते ते दिसायला दूध होते, असायला मात्र एक मोठ्या कष्टाने घडवून आणलेला तह. तेल आणि पाणी यांच्यात विळ्या-भोपळ्याचे सख्य. त्यांना एका भांड्यात नांदवायचे तर मध्ये कोणीतरी उभे राहावे लागते. इथे ते काम नॅनोकणांकडे होते. डोळ्याला दिसणे तर सोडाच, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दाद न देणारे ते कण तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती पहाऱ्यावर उभे असत आणि थेंबाला थेंब भेटू देत नसत. कणांवर एका रंगद्रव्याचा लेप होता. त्यावर उजेड पडला की पहारेकऱ्यांची नियत फिरे. ते थेंबाला सोडून चालते होत, थेंब एकमेकांच्या गळ्यात पडत, तेल वर येई आणि तेलात विरघळवलेले औषध मोकळे होई. भाजलेल्या माणसाच्या जखमेवरची पट्टी औषध लावण्यासाठी उचकटायची नाही, वरून नुसता दिवा दाखवायचा, हे तिचे स्वप्न होते. लाल दिव्याला तेवढे ते कण बधत नसत, म्हणून ती सगळे काम लाल दिव्यात करी.

गेल्या वर्षी समितीच्या अध्यक्षाबाईंनी या स्वप्नाला एकच टाचणी लावली होती. “एकदा फुटलं की संपलं ना? मग पट्टी बदलावीच लागणार. मग रुग्णाला आपण नक्की काय दिलं?” फुटलेले इमल्शन पुन्हा जुळावे म्हणून संशोधिकेने वर्षभर जिवाचे रान केले होते. तिच्या प्रयोगशाळेत गुरूंच्या काळापासून एक नियम चालत आला होता: फुटलेला नमुना हलवायचा नाही, हलवला की मोजमाप बिघडते. त्यामुळे फुटलेली बाटली कापसाच्या गादीवर, अंधारात, तान्ह्या बाळासारखी निजवली जाई आणि तिच्या आसपास माणसे चवड्यांवर चालत. बाटली निजे ती निजेच. उद्या समिती शेवटचे बघणार होती. प्रकल्प बंद झाला तर संशोधिकेची रवानगी जनसंपर्क विभागात ठरलेली होती, आणि तिथे संचालकांच्या भाषणांचा संग्रह संपादकाची वाट पाहत टेबलावर पडून होता. एक प्रयोग तरी निर्दोष दाखवावा आणि आणखी एक वर्ष मागून घ्यावे, एवढीच आता तिची आशा होती.

तिने प्लास्टिकच्या त्या बाटलीला काळा कागद गुंडाळला, बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवली, डचमळू नये म्हणून सभोवती लोकरीचे मोजे कोंबले आणि घरी येऊन डबा कपाटाच्या वर, भिंतीला टेकवून ठेवला. झाकणावर चिठ्ठी चिकटवली: उघडू नये.

या दोन शब्दांनी मनुष्यजातीचा जेवढा घात केला आहे तेवढा तलवारीने केला नसेल.

घरात तिच्याशिवाय दोन माणसे होती. नवरा घड्याळे दुरुस्त करी. सासूबाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली होती, पर्यवेक्षण सुटले नव्हते. “या डब्याला कोणी हात लावायचा नाही,” असे दोघांना बजावून संशोधिका भिंतीवर लावायचे तक्ते छापून आणायला दुकानात गेली. परत आली तेव्हा घरात कमालीची शांतता होती. नवऱ्याने न सांगता ताटे घेतली. सासूबाईंनी आमटीत मीठ कमी असल्याचे सांगितले नाही. शहाण्या माणसाने तिथेच ओळखायला हवे होते. पण संशोधिका शहाणी नव्हती, विद्वान होती.

सकाळी ती डबा घेऊन न्हाणीघरात शिरली, दार लावून घेतले, प्रयोगशाळेतून आणलेला लाल दिवा पेटवला आणि काळा कागद सोडला. बाटलीत वर पिवळसर तेल होते, खाली गढूळ पाणी होते आणि मध्ये एक स्वच्छ, सरळ, निर्विवाद रेघ होती.

ती बाहेर आली तेव्हा नवरा चहात बिस्किट बुडवत होता.

“डबा कोणी उघडला?”

बिस्किटाचा भिजलेला अर्धा भाग कपात पडला.

“मी नाही हं,” सासूबाई म्हणाल्या. “मी फक्त कोणी उघडलाय का तेवढं बघितलं.”

“कसं बघितलं?”

“उघडून.”

“आई, पण कोणी उघडला असेल असं वाटलंच का तुम्हाला?”

“झाकण तिरकं होतं. अगं, आयुष्य गेलं माझं परीक्षेच्या हॉलमधे. तिरकं झाकण आणि तिरकी नजर मला लांबून कळते.”

दोघींनी नवऱ्याकडे पाहिले. तो चमच्याने कपातले बिस्किट शोधत होता.

“मी काही केलं नाही,” तो म्हणाला. “म्हणजे, हातानं केलं. बंद वस्तू समोर आली की माझे हात आपोआप जातात. धंद्याची सवय आहे. त्याला मी काय करू?”

“काळा कागद काढलास?”

“परत लावला ना. घडीवर घडी. तुला तरी कळलं का?”

“आणि बघितलंस कशानं?”

“भिंगानं.”

“दिवा लावलेलं भिंग?”

“मग अंधारात काय दिसणार?”

संशोधिका खुर्चीवर बसली. घड्याळातला केसाएवढा स्क्रू शोधण्यासाठी केलेला तो दिवा किती प्रखर असतो हे तिला ठाऊक होते; गेल्या वाढदिवसाला तिनेच तो हौसेने आणून दिला होता.

“माझ्या वेळेपर्यंत मात्र सगळं व्यवस्थित होतं,” सासूबाई म्हणाल्या. “मी मोबाइलची बॅटरी मारून चांगलं न्याहाळून घेतलं. दुधासारखं पांढरं. म्हटलं, चला, काही बिघडलेलं नाही. आणि त्यांनाही तसंच सांगितलं.”

“कोणाला?”

“तुझ्या संचालकांना. तू दुकानात होतीस ना, तेव्हा फोन आला. म्हणाले, नमुना सुखरूप आहे का? म्हटलं, आहे. म्हणाले, तोंड दिसतं त्या फोनवरून जरा दाखवता का, म्हणजे मला झोप लागेल. एवढा मोठा माणूस झोपेविना राहतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?”

“दाखवलंत?”

“दाखवलं. तर म्हणाले, नीट दिसत नाही, खिडकीपाशी धरा.”

“धरलंत?”

“किती वेळ धरायला लावलं गं. हात भरून आला माझा. मग म्हणाले, छान आहे, कोणाला उघडू देऊ नका.”

संशोधिकेने यावर काहीतरी जळजळीत बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. झोपायच्या आधी, सगळे ठीक असल्याची खात्री करून घ्यावी म्हणून, तिने स्वतःही टेबलावरच्या दिव्यात बाटली एकवार पाहिली होती. वरच्या बाजूला किंचित पिवळी झाक दिसली तेव्हा तिने दिव्याला दोष दिला होता. दृष्ट लागते या समजुतीला विज्ञान आजवर हसत आले. ती सप्रयोग सिद्ध करण्याचा मान या घराने मिळवला, आणि सिद्ध करणाऱ्यांत विज्ञानाचा प्रतिनिधीही होता.

“मीही बघितलं,” ती म्हणाली.

“बघ,” सासूबाई म्हणाल्या. “आणि आम्हाला बोलतेस.”

नवा नमुना करायला आठवडा लागला असता. तिने ठरवले की जायचे आणि खरे ते सांगायचे. बाटली कागदात गुंडाळून डब्यात टाकली, झाकण दाबले. नवरा अपराधी चेहऱ्याने स्कूटरची किल्ली घेऊन आधीच दारात उभा होता.

संस्थेकडे जाणारा रस्ता पाइप टाकण्यासाठी खणला होता, आणि पाइप आले नाहीत म्हणून खणलेलाच राखून ठेवला होता. हातात नमुना असला की संशोधिका त्या रस्त्याला वळसा घालून, दुप्पट चालून, बाटली पोटाशी धरून जाई.

“हळू घेऊ?” नवऱ्याने विचारले.

“आता काय उरलंय हळू घेण्यासारखं? घे कशीही.”

त्याने शब्दशः घेतली. स्कूटर खड्ड्यात उतरे, चढे, हवेत क्षणभर विचार करी आणि पुन्हा उतरे. मांडीवरच्या डब्यात बाटली एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धडका देत होती.

“आत काय एवढं खडखडतंय?”

“बाटली. तिच्या भोवतीचे मोजे कुठे गेले?”

“आईनं धुवायला टाकले. म्हणाली, मोजे काय डब्यात ठेवतात?”

संशोधिकेला हसू आले. अशा वेळी येऊ नये तसेच आले आणि खड्ड्याखड्ड्याला वाढत गेले. जनसंपर्क विभागाच्या वाटेवर आपण इतक्या उंच उडत चाललो आहोत, याची तिला एकाएकी गंमत वाटू लागली.

संस्थेच्या पायरीवर संचालक नव्या कोटात उभे होते.

“सर, नमुना फुटला.”

“बघू,” संचालक म्हणाले.

पांढऱ्या खोलीत अंधार असा एकच उरला होता, तो मोठ्या टेबलाखाली. टेबलावर समितीसाठी जाड निळे कापड पार जमिनीपर्यंत सोडले होते. संशोधिका लाल दिवा घेऊन त्याखाली शिरली आणि संचालक पुराव्याच्या ओढीने कोटासकट तिच्या मागून रांगत आले. तिने कागद सोडला.

बाटली काठोकाठ दुधाने भरलेली होती. तेल नव्हते, पाणी नव्हते, रेघ नव्हती.

“हे तर छान आहे,” संचालक गुडघ्यांवरून म्हणाले. “काल खिडकीत दिसलं होतं तसंच.”

“सर, सकाळी हे फुटलेलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

“सकाळी तुम्ही घाबरलेल्या होतात. हे असलं काही समितीपुढे बोलू नका. दिवा लावा, फोडून दाखवा, आभार माना.”

समितीत तिघे होते. अध्यक्षाबाई शल्यचिकित्सक, उभी हयात जळालेल्या माणसांच्या पट्ट्या बदलण्यात गेल्याने त्यांना गोड बोलण्याची सवय राहिली नव्हती. दुसरे सदस्य खांदा दुखत असल्याने हात छातीशी धरून बसत आणि तिसरे कशालाही “असं असं” म्हणत. संशोधिकेने कागद सोडून प्रखर निळा दिवा लावला. दूध हळूहळू विस्कटले, वर तेल जमले, औषध सुटल्याचे यंत्राच्या पडद्यावर दिसले.

“असं असं,” तिसरे सदस्य म्हणाले.

“चांगलं आहे,” अध्यक्षाबाई म्हणाल्या. “गेल्या वर्षीही चांगलंच होतं. एकदाच. जखम एकदाच दुखून थांबत नाही हो.”

टेबलाच्या टोकाशी संचालक ‘आभार माना’ अशा अर्थाची मान हलवत होते. आभार मानले असते तर प्रसंग सभ्यपणे संपला असता आणि प्रकल्पही. उलट, खरे सांगितले तर नमुना सांभाळता न येणारी बाई म्हणून तिचे नाव झाले असते, आणि ते एकटीचे नव्हे, सहकुटुंब. संशोधिकेने बाटलीकडे पाहिले. ज्या वस्तूला इतक्या जणांनी बघितले तिच्याबद्दल आता लपवायचे तरी काय?

“मॅडम,” ती म्हणाली, “हे दुसऱ्यांदा फुटलंय.”

मग तिने सगळे सांगितले. रंग, डबा, नवऱ्याचे भिंग, सासूबाईंची बॅटरी, न्हाणीघरातली रेघ.

“खिडकीपाशी कोणी धरायला लावलं म्हणालात?” अध्यक्षाबाईंनी विचारले.

“एका वरिष्ठांनी. त्यांना झोप येत नव्हती.”

संचालक छताकडे पाहू लागले. चारही ट्यूबलाइट जागच्या जागी होत्या.

“आणि जुळलं कसं परत?”

“तेच मला कळत नाहीये. आमच्याकडे फुटलेला नमुना कधी हलवत नाहीत. मी वर्षभर अंधारात ठेवून बघितलं, पण गादीवर. आज अंधारही होता, आणि...” ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर उमटले ते आनंदासारखे होते आणि थोडे स्वतःच्या मूर्खपणाच्या दर्शनासारखेही. “आणि खड्डे होते. अंधारात कण पहाऱ्यावर यायला तयार होतात. पण थेंब पुन्हा करायचे तर कोणीतरी ढवळायला नको का?”

“डबा आणा,” अध्यक्षाबाई म्हणाल्या.

फुटलेली बाटली काळ्या कागदात आणि कागद डब्यात गेला. अध्यक्षाबाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला, डबा दोन्ही हातांत घेतला आणि त्या तो हलवू लागल्या. त्यांच्यासारख्या माणसाने हलवला म्हणजे हलवलाच. टेबलावरचे कप किणकिणले. दमल्यावर त्यांनी तो पुढे सरकवला. खांदा दुखणारे सदस्य म्हणाले, “मी एका हातानं करतो,” आणि हळूहळू विसरून दोन हातांनी करू लागले.

“बघू का आता?”

“नाही,” संशोधिका म्हणाली.

“असं असं,” तिसरे सदस्य म्हणाले आणि डबा कानाशी नेऊन हलवू लागले. “जरा फट करून?”

“फटसुद्धा नाही, सर.”

डबा संचालकांकडे आला. त्यांनी तो मोठ्या उत्साहाने चार वेळा हलवला आणि पाचव्यांदा त्यांचा अंगठा झाकणाखाली गेला.

“संचालक,” अध्यक्षाबाई म्हणाल्या, “हात.”

डबा पुन्हा फिरला. काचेच्या दारापलीकडे रंगारी, कारकून आणि शिपाई जमले होते, आणि पारदर्शकतेचा पुरेपूर लाभ घेत ज्ञानाची निर्मिती पाहत होते. शेवटी संशोधिका म्हणाली, “आता चालेल. पण टेबलाखाली यावं लागेल.”

तीन विद्वान, एक संशोधिका आणि एक नवा कोट निळ्या कापडाखाली शिरले. बाहेरून फक्त पाच जोड्या पादत्राणे दिसत होती. आत लाल दिवा लागला आणि कागद सरसरला.

“अहो, झालं की,” अध्यक्षाबाई म्हणाल्या. मग, बऱ्याच वर्षांपूर्वीच्या आवाजात, “परत एकदा फोडू या?”

परत एकदा फोडले. परत जुळवले. त्यानंतर कोणी कारणे देईना. नुसतेच फोडत आणि जुळवत राहिले. समितीचा चहा निवला, भाषण राहून गेले आणि दुखणाऱ्या खांद्याचे सदस्य डबा सोडायला तयार होईनात.

अहवालात प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली. त्यात रस्त्याचा उल्लेख ‘अनियमित यांत्रिक आंदोलन’ असा भारदस्त शब्दांनी आला होता, आणि अंधारखोली तातडीने पुन्हा अंधारी करावी अशी शिफारस होती. संचालकांनी ती मनावर घेऊन दारावर ‘अंधारखोली’ अशी पाटी लावली आणि ती वाचता यावी म्हणून तिच्यावर दिवा बसवला. पुढच्या भेटीत समितीची गैरसोय होऊ नये म्हणून आपले सगळे वजन खर्ची घालून त्यांनी संस्थेसमोरचा रस्ताही गुळगुळीत करून घेतला. त्यामुळे आता प्रयोगासाठी संशोधिकेला हातांनी हलवावे लागते.

समिती येऊन गेली त्याच संध्याकाळी तिने रिकामा डबा घासूनपुसून घरी आणला, त्यात पेपरमिंटच्या मूठभर गोळ्या टाकल्या, झाकणाभोवती चिकटपट्टी लावली, ‘उघडू नये’ ची चिठ्ठी नव्याने डकवली आणि डबा कपाटावर जिथल्या तिथे ठेवला. कोणी काही विचारले नाही. सासूबाईंनी आमटीची स्तुती केली.

सकाळी चिकटपट्टी जशीच्या तशी होती, घडीवर घडी. झाकण अगदी सरळ होते.

“डबा कोणी उघडला?”

“छे,” नवरा म्हणाला आणि खोलीत पेपरमिंटचा वास दरवळला.

“आम्ही हातसुद्धा लावला नाही,” सासूबाई म्हणाल्या आणि वास दुणावला.

संशोधिकेने डबा खाली घेतला आणि कानाशी धरून हलवला. आत एकच गोळी वाजत होती. ती कोणी आणि कोणासाठी ठेवली हे विचारण्याची गरज नव्हती. तिने डबा पुन्हा कपाटावर ठेवला आणि उघडून बघितले नाही; निदान चहा होईपर्यंत तरी नाही.